मधलं माप

२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई वाया घालवत नाही. पाय कसा आहे ते आधी कळव. लोकांच्या डोक्यावर छतं टांगणारा माणूस स्वतःच परांचीवरून खाली आला हे वाचून मला हसू आलं, मग रडूही आलं. प्लास्टर निघेपर्यंत सहा आठवडे खाटेवर बसून नुसती अंदाजपत्रकंच करणार आहेस म्हणतोस, तर त्यात माझंही एक कर.

खालच्या मोठ्या खोलीत, जिथे माझी शिकवणी चालते, तिथे मला ते टांगतं छत बसवून घ्यायचं आहे. पांढऱ्या चौकोनी टाइलांचं, बँकेत असतं तसं. कारण सांगते. माझे कान आता नावालाच उरलेत. सोळा मुलं एकदम बोलली की आवाज वर जाऊन आपटतो आणि सगळा मिळून एकच गलका खाली येतो. मी ओठ वाचून वेळ मारून नेते, पण पाठमोरी मुलं काय बोलतात ते कळत नाही, आणि कळत नाही हे त्यांना कळलेलं आहे. कानाचे डॉक्टर म्हणाले की तसलं छत घातलं तर घुमणं कमी होईल. बस, एवढंच कारण.

बाकी सगळं ठीक. शिकवणी रोज चारला. त्यातली एक चिमणी आहे, सात वर्षांची, तिची आई दुपारच्या पाळीला जाते म्हणून ती पावणेचारलाच परसदारातून येते आणि बरोबर खोलीच्या मधोमध बसते. मी बाहेर असले तरी येऊन बसते. वरची खोली मी गेल्या वर्षी एका बाइंडरला दिली, ते तुला लिहिलं होतंच. माणूस सज्जन आहे, भाडं वेळेवर देतो. भिंतींना ओल येते म्हणून कागदाचे सगळे गठ्ठे खोलीच्या मध्यभागी रचून ठेवतो आणि स्वतः बायकोसकट कडेकडेने वावरतो. मी त्याला म्हटलं, घर तुम्ही कागदाला दिलंय, तुम्ही त्याचे पोटभाडेकरू.

तर किती खर्च येईल ते लवकर कळव. हे काम मला मार्च संपायच्या आत हवं.

तुझी आत्या

७ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा आहे, पण एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये असल्याने जेमतेम अर्धा जमेल, तेवढा गोड मानून घे.

अंदाज फुकट करून देतो. तू मला पाढे फुकट शिकवले नव्हतेस, दर चुकीला एक धपाटा वसूल केला होतास, पण मी मोठ्या मनाचा आहे. मापं मात्र तुला घ्यावी लागतील. लांबी, रुंदी, आणि उंची पाच ठिकाणी: चारही कोपऱ्यांत आणि एक मधोमध. हा आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा नियम. पाच उंच्या हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. शिवाय काठीच्या टोकाने वरचा स्लॅब दहा-बारा ठिकाणी ठोकून बघ. टाइलांची चौकट तारांनी स्लॅबला टांगतात, त्यासाठी वीसेक भोकं पाडावी लागतात. आवाज घट्ट आला तर ठीक. पोकळ, ढबढब आला तर मला कळव.

पाच उंच्यांचा एवढा हट्ट का, तर आमच्या धंद्यातल्या एका अंदाजवाल्याची गोष्ट सांगतो. एका शिंप्याच्या दुकानाचं काम होतं. शिंप्याने फोनवर एकच उंची सांगितली आणि या पठ्ठ्याने तीच धरली. छत बसलं, झकास दिसलं. चार महिन्यांनी वरच्या स्लॅबचा मोठा तुकडा टाइल फोडून शिंप्याच्या उजव्या हातावर पडला. मधे स्लॅब वाकला होता, पण मोजलं कोणी? टांगत्या छताचं हेच वाईट असतं आत्या. ते वरचं काही धरून ठेवत नाही, फक्त दिसू देत नाही.

असो, तुला घाबरवण्यासाठी नाही लिहिलं. तुझा स्लॅब बाबांनी स्वतः उभं राहून ओतून घेतलेला आहे. त्या दिवशी त्यांनी जेवायलाही कोणाला सोडलं नव्हतं, हे तू शंभरदा सांगितलं आहेस.

तुझा बारक्या

१२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

मापं घेतली. पडद्याच्या दोन काठ्या एकमेकींना बांधून त्यांना फीत चिकटवली आणि टेबलावर उभी राहून मोजलं. बाइंडरची बायको मदतीला येते म्हणाली, मी नको म्हटलं. मापाच्या वेळी दोन माणसं असली की दोन मापं येतात.

लांबी अठरा फूट. रुंदी चौदा फूट. उंची दहा फूट चार इंच. स्लॅब ठोकून पाहिला, ठणठणीत आहे.

आता खर्च सांग. छताला चांगला जाड पांढरा रंग असलेल्या टाइला धर. वरचं अजिबात दिसता कामा नये, फट नको. वरचा रंग जरा उडाला आहे, चांगला दिसत नाही. एका मुलाच्या आईने परवा शिकवणीची चौकशी करता करता उगाच वर पाहिलं. हल्ली लोकांना घरात आल्यावर आधी वर बघायची सवय लागली आहे.

खोली रोज दोनदा झाडते. खडूची पूड फार होते.

तुझी आत्या

१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझी मापं बघून डोळे निवले. अठरा चौदा म्हणजे दोनशे बावन्न चौरस फूट, आणि दोन बाय दोनच्या टाइला बरोबर त्रेसष्ट बसतात. एकही कापावी लागणार नाही. वीस वर्षांत अशी खोली मला मिळालेली नाही. बाबा तुझ्याच हाताखाली गणित शिकले होते ना?

चौकट, तारा, टाइला आणि मजुरी मिळून चौरस फुटाला नव्वद धर. ते झाले बावीस हजार सहाशे ऐंशी. भिंतीच्या कडेने चौसष्ट फूट पट्टी लागेल, तिचे नऊशे साठ. वाहतुकीला आठशे साठ. एकूण चोवीस हजार पाचशे. यापेक्षा कोणी जास्त मागितले तर त्याला सांग की माझा भाचा याच धंद्यात आहे आणि सध्या त्याला भांडायला भरपूर वेळ आहे. छत नऊ फुटांवर येऊ दे, वर हात जाईल एवढी जागा ठेव.

एक विचारायचं राहिलं. उंचीचा तू एकच आकडा दिलास. पाचही ठिकाणी दहा-चारच आले असं धरून मी पुढे गेलोय, कारण माप तुझं आहे. तरी नियम तो नियम, पाचही लिहून पाठव.

तुझा बारक्या

२० फेब्रुवारी

चि. बारक्या,

अंदाजपत्रक तपासलं. बेरीज बरोबर आहे, अक्षर अजून कोंबडीचंच आहे.

पाच आकडे काय करायचेत? मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की एकाच गोष्टीची पाच मापं आली की सरासरी काढायची, आणि तू मला पाचही पाठव म्हणतोस. चारही कोपऱ्यांत दहा फूट साडेचार इंच आले, केसभरही फरक नाही. मधे दहा फूट दोन इंच आले. तिथली फरशी बहुतेक जरा फुगलेली असेल. सगळ्यांची बेरीज करून पाचाने भागलं तर बरोबर दहा फूट चार इंच, मागे अपूर्णांकही उरत नाही. इतकं सुबक उत्तर आल्यावर मला आणखी काय पाहिजे?

ठोकण्याचं म्हणशील तर मला आवाज काय ऐकू येणार, तू पण कोणाला सांगतोस. पण काठीतून हाताला घट्ट लागला.

कामाला माणूस मिळाला. तुझ्या आकड्यापेक्षा पाचशे कमी म्हणाला. काल येऊन भिंतींवर खुणा करून गेला आणि मधल्या ओळीत नमुन्याला चार भोकंही पाडली. दगडासारखा स्लॅब आहे, वेळ लागेल असं मी त्याला बजावलं होतं, पण गडी हुशार निघाला, एका मिनिटात चारही झाली. पूड मात्र तांबूस पडली. ती बोटांत चोळून त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, कामाला आलो की बघू. दोन मार्चला, सोमवारी, सकाळी दहाला कामाला लागतोय. चारच्या आत त्या दिवसापुरता आवरून घे म्हटलं, शिकवणी बुडता कामा नये.

बाइंडरला मोठं काम लागलं आहे, कुठल्याशा कचेरीच्या चार हजार वह्या. काल दुपारभर कागद वर चढत होता. त्याचं भलं होतंय याचा मला आनंद आहे.

तुझी आत्या

२४ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस आणि त्या खोलीत वाचू नकोस.

फरशी फुगलेली नाही. स्लॅब मधे अडीच इंच खाली आला आहे. चार कोपरे सारखे आणि मधलं माप कमी, याचा दुसरा अर्थ होत नाही. तांबूस पूड म्हणजे आतल्या सळ्या गंजल्या आहेत. चार भोकं एका मिनिटात पडली ती गडी हुशार म्हणून नाही, वरचं सिमेंट भुसभुशीत झालं म्हणून. आणि त्याच्यावर, नेमक्या मधोमध, चार हजार वह्यांचा कागद.

आज सकाळी मी तुला फोन केला. तू उचललास, दोनदा कोण कोण म्हणालीस. मी इतका ओरडलो की इथले शेजारी दाराशी आले. शेवटी तू म्हणालीस, काही ऐकू येत नाही, जे असेल ते पत्रात लिही, आणि ठेवून दिलास. बाइंडरचा नंबर मला ताबडतोब पाठव.

मुलांना त्या खोलीत बसवू नकोस. कागद खाली उतरवायला लाव. सोमवारचं काम थांबव, आणखी वीस भोकं पाडायला गेला तर त्याच दिवशी सगळं खाली येईल.

आता एक कबूल करतो. शिंप्याच्या गोष्टीतला तो अंदाजवाला मीच. एकच उंची ऐकून घेतली, कारण घाई होती आणि माणूस खात्रीने बोलत होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून वळत नाहीत. मी त्याला भेटायला गेलेलो नाही. पाच मापांचा नियम म्हाताऱ्याचा खरा, पण मी तो पाळायला लागलो त्या दिवसापासून. आणि तुझ्या वेळी पुन्हा मोडला. माप तुझं होतं म्हणून मोडला. तुझी चूक होऊ शकते असं माझ्या मनातच आलं नाही.

तू ऐकणार नाहीस हे मी जाणतो. म्हणून निदान एक कर. मधे पंख्याचा जुना हूक आहे ना, त्याला दोरा बांध. दोऱ्याच्या टोकाला काहीतरी जड लाव आणि ते जमिनीपासून एक नाणं सरकेल एवढंच वर ठेव. रोज सकाळी नाणं खालून सरकवून बघ. ऐकायची गरज नाही, नुसतं बघायचं आहे. नाणं ज्या दिवशी अडकेल त्या दिवशी खोलीतून बाहेर पड आणि परत आत जाऊ नकोस.

मला भीती वाटते आहे आत्या. रात्री पाय दुखतो म्हणून जागा असतो असं घरात सांगतो, पण पाय दुखत नाही.

बारक्या

२७ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र वाचलं. खोलीतच वाचलं, आणि उभ्याने वाचलं.

शिंप्याचं वाईट वाटलं. पण एकदा अंगाशी आलं म्हणून तुला आता प्रत्येक छत पडताना दिसतं, तसं माझ्या घरावर ढकलू नकोस. हा स्लॅब तुझ्या बापाने ओतला. तीस वर्षं झाली, आम्ही सगळे त्याच्या खाली जगलो.

मुलांना बसवू नको हे लिहायला सोपं आहे. एक दिवस शिकवणी बंद ठेवली की आया विचारतील का. कारण सांगितलं की सोळाच्या सोळा दुसऱ्या बाईंकडे जातील आणि परत येणार नाहीत. मग मी काय करू? सकाळी उठून एका खोलीत बसायचं, संध्याकाळी उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. कान गेल्यापासून माझ्याशी कोणी आपणहून बोलायला येत नाही. चार ते सहा एवढाच माझा दिवस आहे. बाइंडरचा नंबर मी देणार नाही. तू त्याला घाबरवशील आणि तो गल्लीभर करील.

तुझ्या समाधानासाठी दोरा बांधला आहे. बाइंडरनेच शिडीवर चढून बांधून दिला, त्याला सांगितलं की मुलांना लंबक शिकवायचा आहे. टोकाला परसदाराची किल्ली अडकवली, तेवढीच घरात जड होती. त्या दाराला मी कधी कुलूप लावत नाही, म्हणून किल्ली रिकामीच होती. नाणं खालून सरकतं. मुलांना बजावलं आहे की दोऱ्याला हात लावायचा नाही, आणि किल्ली सरळ लटकत नसेल तर कोणी आत पाऊल टाकायचं नाही, बाहेरच थांबायचं, नाहीतर माप चुकतं. पोरं ऐकतात. तुझ्यापेक्षा बरी आहेत.

सोमवारी काम सुरू होईल. यावर आता पत्र नको.

आत्या

२८ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर नाही. फोन काल तीनदा वाजून बंद पडला.

काल मी तिकडे यायला निघालो होतो. दुसऱ्याच पायरीवरून घसरलो आणि प्लास्टरला तडा गेला. आता डॉक्टरांनी खाटेला बांधायचंच बाकी ठेवलं आहे. तुमच्या नगरपालिकेत फोन केला. तिथल्या कारकुनाने सांगितलं, घरमालकाने स्वतः लेखी अर्ज करावा. मी विचारलं, अर्ज पोचायच्या आत पडलं तर? तो म्हणाला, पडल्याचा अर्ज वेगळा असतो.

हे पत्र तुला कधी मिळेल ते माहीत नाही. मिळेल तेव्हा सोमवार आलेला असेल किंवा गेलेला असेल. दिवसभर चार वाजायची वाट बघतो आणि सहा वाजले की श्वास सोडतो. ती मधे बसणारी पोरगी डोळ्यांपुढून हलत नाही. तिला मी कधी पाहिलेलंही नाही.

दोरा बांध. दुसरं काही मागत नाही.

बारक्या

३ मार्च

चि. बारक्या,

तुझं अठ्ठावीसचं पत्र आज मिळालं. पोस्टमन ते हातात धरून गल्लीत उभा होता, आमचं दार कुठे गेलं ते बघत. मी समोरच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते, तिथून हात केला.

मी सगळं क्रमाने लिहिणार आहे. मागचं पान उलटून उत्तर आधी बघायची तुझी जुनी खोड आहे, ती आज नको.

पहिलं म्हणजे मी तुझ्याशी खोटं बोलले. आवाज घुमतो हे खरं, पण छत त्यासाठी नको होतं. त्या खोलीला शेवटचा रंग दिला तेव्हापासून, म्हणजे वर्षभर, वर एक भेग आहे. आधी केसाएवढी होती, आता बोट जाईल. खडूची पूड म्हणून मी जी झाडत होते ती खडूची नव्हती. रोज मुलं यायच्या आधी झाडायची आणि मुलं गेली की पुन्हा. मधल्या मापाची काठी टेकवली तेव्हाच मला कळलं होतं. गणित शिकवणाऱ्या बाईला ते न कळायला काय झालं? म्हणून सरासरी काढली. चार चांगल्या आकड्यांत एक वाईट आकडा मिसळला की तो दिसेनासा होतो. तुलाही दिसला नाही, आणि मला बरं वाटलं. चोवीस हजार पाचशे देऊन मला वर बघणं बंद करायचं होतं, माझंही आणि लोकांचंही.

शनिवारी नाणं सरकलं, पण घासून. रविवारी सरकलं नाही. मी पातळ नाणं घेतलं, ते सरकलं, आणि मी स्वतःला शहाणी समजले. सोमवारी सकाळी सहाला दार उघडलं तर किल्ली जमिनीवर आडवी पडली होती आणि दोरा सैल झाला होता. दारातून आत जायची छाती झाली नाही. जी खोली मी रोज दोनदा झाडत होते तिच्या उंबऱ्यावर मी भिंतीला धरून उभी राहिले.

मग वर गेले आणि बाइंडरला बायकोसकट बाहेर काढलं. तो कागद उतरवू म्हणत होता. मी त्याला वर्गात देते तसा आवाज दिला, तो अंगावरच्या कपड्यांनिशी खाली आला. छताचा माणूस दहाला आला. दारातून त्याने किल्लीकडे पाहिलं, वर पाहिलं आणि शिडी उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवली. म्हणाला, त्या दिवशीच बोलायला हवं होतं, पण बाई, तुम्ही इतक्या खात्रीने सांगत होता. तुझ्या शिंप्यासारखंच झालं.

पुढच्या दाराला कुलूप लावलं, त्यावर आज शिकवणी नाही असा कागद चिकटवला आणि घरोघर सांगायला निघाले. कारण खरं सांगितलं. पंधरा घरी सांगून झालं. सोळावं घर त्या चिमणीचं, तिथे कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आई तिला आजीकडे सोडते, तिथून ती परस्पर शिकवणीला येते.

परसदार उघडंच होतं. त्याची किल्ली आत दोऱ्याला पडलेली, आणि ती आणायला मी गेले नाही. माझ्याच घरात, दहा पावलांवर, मला जाववलं नाही. म्हटलं, साडेतीनपासून मागच्या गल्लीत उभी राहीन आणि तिला अडवीन. तशी उभी राहिलेही. पण उशीर होतोय असं वाटलं, आजीचं घर दोनच वळणांवर, तिथूनच तिला घेऊन यावं म्हणून निघाले. आजी दारात होती. तिने हाताने दाखवलं, आत्ताच गेली, दुसऱ्या बाजूने.

मी धावले. या वयात, या गुडघ्यांनी धावले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि पायांखालचा रस्ता हलला. आवाज मला आला नाही. लोक दचकून वळले तेवढे दिसले, आणि आमच्या खिडक्यांतून धूळ बाहेर आली. दवाखान्यातलं घड्याळ चारला दहा कमी दाखवत होतं.

मी ढिगाऱ्यापाशी उभी राहिले. दरवाजा उरला नव्हता, वरचा कागद सगळा खाली आला होता. आत कोणी असेल तर हाक मारेल, रडेल. आणि मला ऐकू येणार नव्हतं. ती आतून बाई बाई म्हणत असली तरी मला ऐकू येणार नव्हतं. मी लोकांना विचारत होते, काही ऐकू येतंय का, कोणी रडतंय का, आणि ते काय सांगतात तेही मला कळत नव्हतं, कारण धुळीत ओठ दिसत नव्हते. बारक्या, मी पंधरा मोजले होते. पंधरा आणि एक. यांची सरासरी कशी काढतात?

कोणीतरी माझी बाही ओढली. मी झटकली. परत ओढली. खाली पाहिलं तर ती. दप्तर पाठीला, केसांत धूळ, अंगावर ओरखडा नाही. ती काहीतरी सांगत होती. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हळू बोल म्हटलं. पोरीला वाटलं मी रागावले आहे. तिने एकेक शब्द सुटा करून, शिकवल्याप्रमाणे, सांगितला.

"बाई, किल्ली सरळ नव्हती. म्हणून मी बाहेरच थांबले."

तुझी आत्या